डॉकच्या घराण्याचं कापड

डॉकनी माझा चेहरा नीट बघण्याआधी माझे दात बघितले. मी खोली भाड्यानं मिळेल का, हे विचारायला गेले होते. नॉर्थ कॅरोलायनात येऊन थोडेच दिवस झाले होते. युनिव्हर्सिटीच्या बस रूटवर एका घराच्या गॅरेजवरची खोली, भाडं परवडण्यासारखं, म्हणून मी आपली नम्रपणे हसत दारात उभी. तर दार उघडणारा उंच, किंचित वाकलेला म्हातारा मान तिरकी करून माझ्या तोंडात बघत म्हणाला, "खालच्या रांगेत गर्दी आहे. आईकडून आली की वडिलांकडून?"

"आईकडून," मी म्हणाले. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.

"माहीत असलेलं बरं असतं," ते म्हणाले, आणि खोली मला मिळाली.

जन्मभर डेंटिस्ट होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना डॉक म्हणायची. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. पहिल्यांदा ते सवयीनं तोंडातून गेलं. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्या इतक्या खूश झाल्या की चर्चमधल्या मैत्रिणींना ओळख करून देताना स्वतःच सांगायला लागल्या, "आय ॲम हर काकू." ठेंगण्या, गोल, सतत काहीतरी चाखत असलेल्या. माझ्या पोह्यांवर लिंबू पिळून वर मेपल सिरप घालणारी दुसरी व्यक्ती मी अजून पाहिलेली नाही.

डॉकचं एक लाडकं वाक्य होतं: "नाव कोर्टात जाऊन बदलता येतं, दाढ बदलता येत नाही." हे वाक्य ते पेशंटना ऐकवायचे, पोस्टमनला ऐकवायचे, मला तर कितीदा ऐकवलं असेल. आणि गंमत बघा, हाच माणूस उभा जन्म स्वतःच्या नावामागे धावत होता.

प्रकरण असं होतं. डॉकच्या खापरपणजोबांचे आजोबा की कोण स्कॉटलंडमधून जहाजानं इकडे आले आणि आमच्या राज्यातल्या पाइनच्या जंगलात शेती करून राहिले. स्कॉटलंडच्या लोकांत प्रत्येक घराण्याचं एक चौकड्यांचं लोकरी कापड असतं. त्याला टार्टन म्हणतात. रंग ठरलेले, रेघा ठरलेल्या. त्या कापडाचा गुडघ्यापर्यंतचा किल्ट पुरुषांनी लग्नाकार्यात, सणासमारंभात नेसायचा. आता डॉकचं आडनाव दोन घराण्यांत सापडत होतं. एका घराण्याचं कापड हिरवं, दुसऱ्याचं लाल. आणि ही दोन घराणी साधीसुधी नव्हेत, पिढीजात वैरी. कित्येक शतकांपूर्वी एका घराण्यातली माणसं दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून राहिली, जेवली-खाल्ली आणि एका पहाटे त्यांनी यजमानांनाच कापून काढलं.

"म्हणजे मला हे कळायला हवं," डॉक म्हणायचे, "की मी सुरीच्या बाजूचा आहे की मानेच्या."

"तू भुकेल्यांच्या बाजूचा आहेस," काकू आतून ओरडायच्या, "जेवायला चल."

स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन्ही कापडांचे तळहाताएवढे तुकडे टाचणीनं लावलेले असायचे. शिवाय खालच्या खोलीत खोकीच्या खोकी तुकडे. जुन्या रंगातला हिरवा, नव्या रंगातला हिरवा, शिकारीचा, समारंभाचा. मी आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या! नेसत का नाहीत एकदाचे?" आईनं ही म्हण आयुष्यात इतक्या अचूक जागी कधीच वापरली नसेल.

पण डॉक नेसत नव्हते. दरवर्षी उन्हाळ्यात डोंगरात स्कॉटिश लोकांचा मोठा मेळावा भरतो, तिथे दोघं न चुकता जायचे. एका वर्षी मलाही घेऊन गेले. जिकडेतिकडे किल्टच किल्ट, बाबागाडीतल्या पोरांनासुद्धा. आणि त्या सगळ्यांत एकटे डॉक खाकी पँट घालून. हिरव्यांच्या तंबूतल्या बायकांनी हाताला धरून आत नेलं, "तुम्ही आमचेच" म्हणत बिस्किटं दिली. लाल तंबूतल्या एका मिशाळ गृहस्थांनी पाठीवर थाप मारली, "या घरी!" डॉकनी दोन्हीकडची बिस्किटं खाल्ली आणि दोन्हीकडे एकच उत्तर दिलं, "अजून नक्की नाही." परत येताना गाडीत काकू म्हणाल्या, "इतक्या मुलींनी मागणी घालूनही हा तसाच राहिला."

माझी मैत्रीण रश्मी नागपूरची. मुळात कुणाचं ऐकून घ्यायची तिला सवय नाही. एकदा ती जेवायला आली आणि डॉकच्या तोंडावरच म्हणाली, "डॉक, डोन्ट माइंड, पण मी गूगल केलं. हे सगळं मार्केटिंग आहे. कुठल्या नावाला कुठलं कापड, हे दोनशे वर्षांपूर्वी दुकानदारांनी ठरवलंय." आणि माझ्याकडे वळून, "खरंच यार, रीड कर तू. सगळं फेक आहे."

मला वाटलं, आता म्हातारा दुखावणार. डॉकनी शांतपणे पावाला लोणी लावलं. म्हणाले, "माहीत आहे मला. माझ्या लग्नाची तारीखसुद्धा केटररनं ठरवली. त्याला तेवढा एकच शनिवार मोकळा होता. म्हणून काय लग्न खोटं?"

रश्मी गप्प बसली. हे दृश्य मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. काकू मात्र खाली बघून हसत होत्या, आणि लाजल्याही होत्या थोड्या.

समोरचं हिरवळीचं अंगण डॉक स्वतः कापायचे आणि तेही चौकड्यांत. आधी उभे पट्टे, मग आडवे, मग मध्ये एक बारीक रेघ. शेजारचा माणूस गाडी थांबवून विचारायचा, "डॉक, या आठवड्यात कोण?" डॉक म्हणायचे, "गवताला बिचाऱ्याला एकच रंग. ते निवाडा करत नाही."

माझ्या घराण्याबद्दल त्यांना अपार कुतूहल. "तुमचं कापड कुठलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्यात कापड नसतं, कुलदैवत असतं. आमचा जोतिबा. "कोणी शोधून काढलं?" शोधायचं काय त्यात, आम्हाला माहीतच असतं. "प्रश्न विचारला की तुझ्याकडे उत्तर आहे," ते म्हणाले. "तुला कळतंय का, तू किती नशीबवान आहेस?" मला तोवर खरंच कळलं नव्हतं. जोतिबाला मी शेवटची गेले ती बारावीच्या रिझल्टनंतर, तेही आईनं नवस बोलला होता म्हणून.

मग बोलता बोलता गोत्राचा विषय निघाला. मी त्यांना ताईच्या लग्नातला किस्सा सांगितला. गुरुजींनी गोत्र विचारलं तर बाबा आईकडे आणि आई बाबांकडे बघायला लागली. गुरुजींनी मान वर न करता सांगितलं, "काश्यप म्हणा," आणि पुढचा मंत्र सुरू केला. ज्याला आपलं गोत्र ठाऊक नाही त्यानं काश्यप सांगायचं, झालं.

काकूंनी हातातला चमचा ओट्यावर आपटला. "ऐकलंस? झालं! एवढंच करायचं असतं!" कारण स्कॉटिश लोकांतही अशी सोय आहेच. कुणालाही चालतील अशी टार्टन आहेत, अगदी आमच्या कॅरोलायनाच्या नावाचंही एक आहे. "काश्यप म्हण आणि मोकळा हो!" त्या दिवसापासून काकूंना तो शब्द सापडला. डॉक हॉटेलात मेन्यू हातात घेऊन बसले की काकू म्हणायच्या, "काश्यप!" आणि दोघांसाठी मासे मागवून टाकायच्या.

पण कापडाच्या बाबतीत डॉक बधले नाहीत. "ज्याला एकही घर माहीत नाही त्याची ती सोय आहे," ते म्हणाले. "माझी दोन आहेत. माझी अडचण वेगळी आहे."

खूप वर्षांपूर्वी दोघं स्कॉटलंडला गेले होते, त्याची गोष्ट काकूंनी मला भांडी पुसता पुसता सांगितली. ज्या दुकानात कापड विणून मिळतं तिथे गेले. काउंटरवरच्या पोरीनं कंप्यूटरवर आडनाव टाकलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. दोन चित्रं. ती म्हणाली, "दोन्ही चालतील. तुम्हाला कुठलं आवडतं?" डॉक रागानं तडक दुकानाबाहेर पडले. बाप कुठला आवडतो, असं कुणी विचारतं का, हा त्यांचा मुद्दा. बाहेर पाऊस पडत होता, म्हणून काकूंनी दुकानातून एक छत्री विकत घेतली आणि त्यांच्या मागे गेल्या.

"मला कुठलं आवडतं हे त्या मुलीनं मला विचारलं असतं ना, तर मी लगेच सांगितलं असतं," काकू म्हणाल्या. "हिरवं. त्याला हिरवं शोभतं. माझ्या वडिलांना भेटायला पहिल्यांदा आला तेव्हा हिरवा स्वेटर घालून आला होता. तेव्हाच मी ठरवलं."

"मग त्यांना सांगा ना."

"सांगते की. लग्न झाल्यापासून सांगतेय. तो म्हणतो, शोभण्याचा प्रश्न नाही." त्यांनी फडकं पिळलं. "मला विचारशील तर तेवढाच प्रश्न आहे."

गणपतीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला मी मावशीचं लुगडं नेसले होते, हिरव्या बारीक चौकड्यांचं, नऊवारी. जाताना दोघांना दाखवायला खाली गेले. डॉकनी चष्मा लावून निऱ्या निरखल्या. किल्टला आठ वार कापड लागतं, आमच्या लुगड्याला नऊ, हे ऐकल्यावर म्हणाले, "म्हणजे तुमच्या मावश्या आमच्या सैनिकांपेक्षा एक वार पुढे!" मग काकूंनी हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ते नेसवलं. काष्टा घातल्यावर त्या घरभर अशा काही मिरवल्या की डॉक खुर्चीतून उठून उभेच राहिले. "या घरात पूर्ण पोशाख केलेली पहिली व्यक्ती," ते म्हणाले. काकूंनी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघितलं. "दुसरी कधी?"

त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस पुढच्या वसंतात होता. काकूंची मागणी एकच होती: त्या दिवशी डॉकनी किल्ट नेसायचा आणि या बैठकीच्या खोलीत त्यांच्याबरोबर एक नाच करायचा. बस. ना पार्टी, ना क्रूझ. किल्ट हातानं शिवतात, त्याला महिने लागतात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास ऑर्डर द्यायलाच हवी होती. डॉक म्हणाले, देतो. नक्की देतो. फक्त एकदा डीएनए टेस्टचा रिझल्ट येऊ दे.

रिझल्ट आला. त्यात इतके टक्के आयर्लंड, तितके टक्के जर्मनी, बिस्किटाच्या पुड्यावर असतं तसं. हिरवं की लाल, हे त्यात नव्हतं.

आणि त्याच सुमाराला काकूंच्या पोटात दुखायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं, सिरप. मग स्कॅन झाले, आणि डॉक्टर मंडळी ज्या मऊ आवाजात बोलायला लागतात तो आवाज सुरू झाला.

आता कुणाही शहाण्या माणसानं काय केलं असतं? फोन उचलून ऑर्डर दिली असती. डॉकनी उलटंच केलं. ते शोधायला लागले. पूर्वी हौसेनं शोधायचे, आता जीव खाऊन. भल्या सकाळी गाडी काढून राज्याच्या दक्षिणेकडे जायचे, खेड्यापाड्यातल्या जुन्या चर्चमागची दफनभूमी पालथी घालायचे, संध्याकाळी बुटांना लाल माती लागलेली घेऊन परत यायचे. "तिला मी खोटं कापड नेसून दाखवणार नाही," ते मला म्हणाले. "आता तर नाहीच." केमोला काकूंना बऱ्याचदा मी घेऊन जायचे. माझा थिसिस मी त्या वेटिंग रूममध्येच लिहिला. काकू खुर्चीत बसून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आज तो कुठल्या मेलेल्या माणसाला भेटायला गेलाय?" हसत म्हणायच्या, पण एकदा हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "मी अजून इथे आहे," त्या म्हणाल्या. "त्याला सांगशील?"

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. डॉक गॅरेजमध्ये बूट धूत होते. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "म्हणून तर घाई करतोय."

शेवटी तो दगड सापडला. एका पडक्या कुंपणाच्या आत, पाइनच्या वाळक्या पानांखाली, त्यांचा तो मूळपुरुष. दगडावर नाव होतं आणि खाली कोरलेलं होतं, मूळचा स्कॉटलंडचा. एवढंच. ना घराणं, ना चिन्ह. ज्याला सांगता आलं असतं त्याला सांगावंसं वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी डॉक बराच वेळ गाडीतच बसून राहिले. मी खिडकीतून बघत होते.

पन्नासावा वाढदिवस येईपर्यंत काकूंचा पलंग बैठकीच्या खोलीत आला होता. शेवटच्या दिवसांत घरी येऊन सेवा करणारी हॉस्पिसची नर्स रोज यायची. त्या दिवशी नर्स गेल्यावर काकूंनी मला जवळ बोलावलं. "ते हिरवं आण," त्या म्हणाल्या. "तुझं नऊ वार." मला आधी उमजलं नाही. मग त्यांनी डॉककडे बोट केलं. "तूच सांगितलं होतंस ना, जुन्या काळी किल्ट शिवत नसत? जमिनीवर कापड पसरायचं, चुण्या घालायच्या, त्यावर आडवं व्हायचं आणि पट्टा आवळायचा. मग? कापड आहे, मुलीला निऱ्या येतात, पट्टा तुझ्या पँटला आहे."

डॉक हसले. कित्येक आठवड्यांनी हसले. मी धावत वर जाऊन लुगडं आणलं, कार्पेटवर पसरलं, गुडघ्यांवर बसून एकसारख्या निऱ्या घातल्या. इतक्या चांगल्या निऱ्या माझ्या हातून कधी पडल्या नव्हत्या. डॉक आडवे झाले, पेशंट खुर्चीत होतात तसे, हात पोटावर. काकू उशीवर कोपर टेकवून उठून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

डॉकचा हात लुगड्याच्या काठाला लागला. "हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या मावशीचं."

"ती नेसायची?"

"सणाला."

"आहे ती?"

"नाही."

त्यांनी काठावरून हात काढून घेतला. मग उठून बसले. "मला नाही नेसता येणार," ते म्हणाले. "हे कुणाचं तरी आहे."

"इथे कुणी बघत नाहीये," काकू म्हणाल्या. "फक्त मी बघतेय."

"म्हणूनच," डॉक म्हणाले. "तुझ्यासमोर दुसऱ्याचं नेसून कसा येऊ?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग उशीवर मागे टेकल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बरं."

ते "बरं" मला अजून ऐकू येतं. मी लुगडं गोळा केलं, घडी न घालता तसंच काखोटीला मारलं आणि जिना चढून वर आले. मला डॉकचा इतका राग आला होता की मी आईला फोन करून रडले. मावशी असती तर तिनं स्वतः त्यांना नेसवलं असतं, वर पदरही खोचून दिला असता. आई म्हणाली, "असतात गं अशी माणसं. प्रेम करतात, पण हातात मोजपट्टी धरून." मला ते तेव्हा पटलं नाही. तो राग आता निवलाय, पण पूर्ण गेलाय असं म्हणवत नाही. मात्र त्यांचं प्रेम खोटं होतं, असंही मला कधी म्हणता आलं नाही. बायकोसमोर खरं होऊनच जायचं, हा त्यांचा हट्ट होता, आणि खरं होण्यातच वेळ गेला.

काकू त्याच आठवड्यात गेल्या. प्रार्थनेला डॉक काळ्या सुटात उभे होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

मग माझी डिग्री झाली, नोकरी लागली, लग्न झालं, मी मॉरिसव्हिलला राहायला गेले. अर्ध्या तासाचं अंतर, पण जाणं होत नव्हतं. एका शनिवारी त्यांचा फोन आला. "किल्ट आलाय," ते म्हणाले. "वेळ असेल तर ये."

वरातीमागून घोडं, असं माझ्या मनात आलंच. पण गेले.

दार त्यांनी नेसूनच उघडलं. हिरवा. गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे, कमरेला चामड्याचा बटवा, वर पांढरा शर्ट. वाळले होते खूप.

"म्हणजे नक्की झालं?" मी विचारलं. "कुठलं घराणं?"

"नाही झालं," ते म्हणाले. "होणारही नाही. शिवणाऱ्यानं फोनवर विचारलं, तुमचं घराणं कुठलं, कापड कुठल्या आधारावर निवडताय. मी म्हटलं, माझी बायको म्हणते मला हिरवं शोभतं. तो म्हणाला, बरं, मापं सांगा." त्यांनी चुण्यांवरून हात फिरवला. "दोन मिनिटं लागली सगळ्याला."

बैठकीच्या खोलीतला पलंग गेला होता, कार्पेटवर त्याच्या पायांचे चार खळगे तेवढे राहिले होते. डॉक तिथपर्यंत चालत गेले, माझ्याकडे पाठ केली आणि सावकाश एक गिरकी घेतली. मागच्या चुण्या उघडल्या आणि पुन्हा जागच्या जागी बसल्या. मग माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे, तोंडावरून उत्तर ओळखायला बघत.

शोभत होता. हिरवा त्यांना खरोखर फार शोभत होता, कुणीही दारातूनच सांगितलं असतं इतका. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, "थँक यू" म्हणाले, आणि बटव्याचा पट्टा उगाचच सारखा करत राहिले. ते बघायला त्या घरात फक्त मी होते, आणि मला दाखवून त्यांना काय मिळणार होतं.